होणार आणि झाला

कागदोपत्री आम्ही आता 'रक्तकेंद्र' आहोत. पण खिडकीशी येणारा प्रत्येक माणूस "ब्लड बँक हीच ना?" असं विचारतच येतो आणि फोन उचलला की आमच्याही तोंडून "ब्लड बँक, बोला" असंच निघतं. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या या खिडकीमागे मी अठरा वर्षं टेक्निशियन म्हणून काम करते. ग्रुपिंग, क्रॉसमॅच म्हणजे बॅगेतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतं का ते बघणं, बॅगा देणं. वॉर्डातला पेशंट आम्हाला सहसा दिसत नाही. दिसतात ते नातेवाईक, एका हातात फॉर्म, दुसऱ्या हातात सँपलची नळी. नळीवरचं नाव, वय, वॉर्ड एवढीच आमची पेशंटशी ओळख.

आज ज्याच्याविषयी लिहितेय त्याचं मात्र तसं झालं नाही. त्याचा रक्तगट ओ होता तो ए झाला, आणि ओ पासून ए पर्यंतच्या वाटेवरची जवळजवळ प्रत्येक नळी माझ्या हातून गेली. नाव लिहीत नाही. घरात तो धाकटा, म्हणून इथेही धाकटाच म्हणते.

बार्शीकडचं कुटुंब. धाकटा एकोणीस वर्षांचा, आयटीआयला होता. अंगावर निळे डाग उठायला लागले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तपासण्या करत करत इथे पोचला. अप्लास्टिक अॅनिमिया. हाडांच्या पोकळीतला मगज, ज्याला आपण बोन मॅरो म्हणतो, तो जवळपास रिकामा पडलेला. लाल पेशी नाहीत, पांढऱ्या नाहीत, प्लेटलेट नाहीत. वडील, तात्या, प्लेटलेटचा फॉर्म घेऊन आठवड्यातून दोनदा खिडकीवर यायचे. गळ्यात तुळशीची माळ, डोक्याला टोपी. बॅग देताना मी नाव वाचून दाखवायची आणि ते प्रत्येक शब्दाला "बरोबर, बरोबर" म्हणायचे.

डॉक्टरांनी ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याचा मगज देणं, सांगितलं तेव्हा तात्यांनी विचारलं, हे आपल्याकडं आधी कुणाला केलंय का? डॉक्टरांनी सांगितलं, मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८३ सालापासून होतंय. त्यानं त्यांना धीर आला. पण खरा घोळ पुढेच होता. मगज कुणाचा जुळतो हे ठरवणाऱ्या एचएलए तपासणीसाठी तिन्ही भावंडांची रक्तं गेली. मधल्या भावाचा ग्रुप ओ पॉझिटिव्ह, म्हणजे धाकट्याचाच. घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की त्याचंच जुळणार. तो बिचारा रजा टाकून तयारीत बसला होता. रिपोर्ट आला तर त्याचं काहीच जुळलं नाही. थोरल्या बहिणीचं पूर्ण जुळलं. आणि थोरलीचा ग्रुप ए पॉझिटिव्ह.

त्या दिवशी आई खिडकीवर आल्या. त्या एरवी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून असायच्या. म्हणाल्या, "ताई, रिपोर्ट चुकलाय वो. माझा ओ, ह्याचा ओ, मधल्याचा ओ. तिचा तिच्या बापावर गेलाय, ए. तिचं ह्याला कसं चालंल?"

मी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली. "मावशी, ज्याच्यावरून मॅच ठरतो ते एचएलए सहा नंबरच्या गुणसूत्रावर असतं आणि ए-बी-ओ नऊ नंबरच्या. दोन्ही आईबापांकडूनच येतात, पण एकमेकांची वाट बघत नाहीत." गुणसूत्र म्हटल्यावर त्यांचा चेहरा कोरा झाला. मग म्हटलं, "असं बघा, पोराचं नाक तुमच्यावर जातं आणि उंची तात्यांवर जाते. एक गेलं म्हणून दुसरं त्याच्या मागोमाग जात नाही." हे त्यांना पटलं. सख्ख्या भावंडांत एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. त्या चारातली एक आपल्या घरात निघाली हेच मोठं, ग्रुप वेगळा आहे त्याचं आपण बघू, असं मी म्हटलं. 'आपण' म्हणून गेले खरी. पुढच्या वर्षभरात तो शब्द मला निभवावा लागला.

किडनीच्या बाबतीत रक्तगट आडवा येतो हे लोकांना माहीत असतं, म्हणून इथे गोंधळ होतो. रक्ताच्या ज्या मूळ पेशी द्यायच्या असतात, त्यांच्यावर ए किंवा बीची खूण नसते. ती पुढे लाल पेशी घडताना येते. म्हणून ग्रुप वेगळा असला तरी मूळ पेशी रुजतात आणि म्हणूनच जगभरात अशा ट्रान्सप्लांटपैकी बराच मोठा हिस्सा वेगळ्या ग्रुपमधला असतो. पण रुजल्यावर ज्या लाल पेशी बनणार, त्या ए. आणि धाकट्याच्या अंगात ए विरुद्धच्या अँटिबॉडी जन्मापासून थोड्याच महिन्यांत तयार झालेल्या. ओ ग्रुपच्या प्रत्येकात त्या असतात, आयुष्यात एक थेंब रक्त चढलेलं नसलं तरी. आतड्यातल्या जंतूंवरही ए-बीसारख्याच खुणा असतात, त्यांच्यावरून शरीर शिकतं असं मानतात. घेणाऱ्याच्या अँटिबॉडी देणाऱ्याच्या पेशींवर उठतात, याला आम्ही मेजर मिसमॅच म्हणतो. उलटं असेल तर मायनर. ए आणि बी समोरासमोर आले तर दोन्ही बाजूंनी.

त्या अँटिबॉडीचा जोर मोजायचा म्हणजे टायटर करायचा. हे काम मला मनापासून आवडतं. स्टँडवर दहा नळ्या ओळीनं लावायच्या. पहिलीत पेशंटचा सीरम, म्हणजे पेशी काढलेलं रक्तातलं पाणी, मग प्रत्येक नळीत सलाइन घालून तो निम्मा निम्मा पातळ करत जायचा. एकास दोन, एकास चार, आठ, सोळा. प्रत्येकीत ए पेशींचा एक थेंब. सेंट्रिफ्यूज झाल्यावर तळाशी लाल बटण बसतं. नळी तिरकी करून हलक्या हातानं टिचकी मारायची आणि बघायचं. अँटिबॉडी असेल तर बटण अख्ख्या गोळीसारखं सुटतं किंवा तुकड्यांनी तुटतं. नसेल तर धूर उठावा तसं तळातून वर विरत जातं. गोळी आणि धूर यांच्यामधल्या नळीवर खरी परीक्षा असते. एकाला 'आहे' दिसतं, दुसऱ्याला 'नाही'. म्हणून धाकट्याचे टायटर मीच करायचे असं मी ठरवलं आणि दर वेळी मागच्या सँपलमधला गोठवून ठेवलेला थोडा सीरम शेजारी लावायचे. आजचा आकडा कालच्या आकड्याशी माझ्याच डोळ्यांनी ताडला गेला पाहिजे. ट्रान्सप्लांटच्या आधी त्याचा टायटर १२८ होता, म्हणजे एकास १२८ इतका पातळ केला तरी बटण चिकटलेलंच. वॉर्डाला फोन करून सांगितला, तिकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही.

थोरलीच्या सासरी परवानगीचा प्रश्न निघाला होता. तिच्या सासूबाई स्वतः येऊन डॉक्टरांना भेटून गेल्या आणि म्हणाल्या, "जाऊ दे तिला, भाऊ आहे." यावर जास्त लिहीत नाही, पण त्या बाईंना माझा नमस्कार.

ट्रान्सप्लांटचा दिवस नेमका पालख्या पुण्यातून पुढे निघायचा आला. तात्यांची वारी त्या वर्षी चुकली. रस्ते बंद, मी पहाटे पाचलाच निघाले. या आजारात शक्यतो थेट मगजातून पेशी घेतात, म्हणून थोरलीला भूल देऊन कमरेच्या हाडातून साधारण नऊशे मिली मगज काढला आणि ती बॅग खाली आमच्याकडे आली. अजून कोमट होती. मगज म्हणजे दिसायला रक्तच, वर चरबीचे बारीक थेंब तरंगणारं. त्यात अडीचशे मिलीच्या वर ए लाल पेशी. एवढ्या पेशी १२८ टायटरच्या अंगात सोडल्या तर त्या तिथल्या तिथे फुटणार, लघवी लाल होणार, किडनीवर बेतणार. म्हणून लाल पेशी काढून टाकायच्या, पण मूळ पेशी जाऊ द्यायच्या नाहीत.

मशीननंही हे करतात. त्या दिवशी आम्ही जुन्या पद्धतीनं केलं. बॅगेत स्टार्चचं द्रावण मिसळून ती उलटी टांगायची. लाल पेशी एकमेकींना चिकटून जड होतात आणि खाली बसू लागतात. वर फिकट गुलाबी भाग आणि दोघांच्या मध्ये एक करडी झिरझिरीत साय. ती सायच सगळं काही. खालच्या नळीतून लाल भाग हळूहळू दुसऱ्या बॅगेत सोडायचा आणि करडी साय नळीच्या तोंडाशी यायच्या आत चिमटा लावायचा. चिमटा लवकर लावला तर लाल पेशी जास्त राहतात. उशिरा लावला तर बहिणीनं दिलेलंच वाहून जातं. आमच्या मॅडम, म्हणजे ब्लड बँकेच्या प्रमुख डॉक्टर, बॅगेच्या समोर स्टूल घेऊन बसल्या होत्या. मी चिमटा धरून उभी. बाहेर लांबून टाळ ऐकू येत होते. पाऊण तास आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही. शेवटी बॅगेत लाल पेशी राहिल्या सुमारे अठरा मिली आणि मोजणीत कामाच्या पेशी पंच्याऐंशी टक्के हाती लागल्या. वीस मिलीच्या आत हवं होतं. मॅडमनी उठून माझ्या पाठीवर हात ठेवला.

दुपारी ती बॅग चढली. तात्यांनी मला नंतर सांगितलं की सिस्टर दर थोड्या वेळानं लघवीचं भांडं उजेडात धरून रंग बघायच्या आणि ते काचेबाहेरून सिस्टरच्या तोंडाकडे बघायचे. रंग बदलला नाही.

सतराव्या दिवशी पांढऱ्या पेशी वर आल्या. चोविसाव्या दिवसापासून प्लेटलेटची बॅग लागली नाही. वॉर्डात पेढे वाटले, खिडकीवरही डबा आला. तात्या म्हणाले, "मॅडम, मग आता ह्याचा ग्रुप?" मी कामात होते, रांग होती, आणि आनंदही होता. मी म्हटलं, "आता त्याचा ग्रुप ए होणार, तात्या. लेकीचा ग्रुप लागणार त्याला." तात्या हसले. दोन्ही हात जोडले आणि निघून गेले.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते विसरून गेले होते.

लाल पेशी आल्या नाहीत. महिना झाला, दोन झाले, हिमोग्लोबिन नऊ-दहा दिवसांत साडेपाचवर उतरायचं. मगज लाल पेशी घडवायला लागलाय की नाही हे रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्या जन्मलेल्या पेशी मोजून कळतं. त्याचा आकडा ०.१ टक्का. थोरलीच्या मूळ पेशी रुजल्या होत्या, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिच्याच होत्या. पण एखादी लाल पेशी घडता घडता तिच्यावर ए ची खूण उमटली की धाकट्याच्या जुन्या अँटिबॉडी तिला मगजातच गाठायच्या. अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी चिवट असतात. या आजारात आधीची केमो त्या मानानं सौम्य देतात, त्यातून त्या वाचतात आणि जुनं काम चालूच ठेवतात. बाकी सगळं घर बदललं आणि जुना राखणदार दारात तसाच बसून राहिला, नव्या मालकिणीला ओळखत नाही म्हणून आत येऊ देईना.

थोरली चेकअपला सोबत यायची. एकदा बॅग घ्यायला तीच आली. फॉर्म सरकवत म्हणाली, "ताई, माझंच रक्त तो घेत नाहीये ना? मी काही कमी दिलं का?" मी तिला म्हटलं, "अगं, तू दिलंस म्हणून तो आज तापानं गेला नाही. पांढऱ्या पेशी तुझ्याच आहेत सगळ्या. लाल पेशीही बनतायत, पण बाहेर पडायच्या आत मारल्या जातायत. वेळ लागेल." ती मान हलवून गेली, पण तिचा विश्वास बसला नव्हता. कुणाचाही बसला नसता. तिच्या डोळ्यांसमोर मी तिच्या भावासाठी ओ ची बॅग काढून दिली होती, कुठल्यातरी अनोळखी माणसाची.

त्या काळात काय द्यायचं याचा नियम सोपा आहे, पण उलटा वाटतो म्हणून चुकतो. लाल पेशी ओ. अँटिबॉडी ओ पेशींना काही करत नाहीत. प्लाझ्मा आणि प्लेटलेट मात्र ए किंवा एबी, कारण ओ च्या प्लाझ्मातून आणखी अँटी-ए आत जाईल आणि आधीच चेपलेल्या पेशी आणखी चेपल्या जातील. म्हणजे एकाच माणसाला एकाच दिवशी दोन वेगळ्या ग्रुपच्या बॅगा लागू शकतात. शिवाय सगळ्या बॅगा इरॅडिएटेड, म्हणजे किरणोत्सर्गाच्या यंत्रातून काढलेल्या, नाहीतर बॅगेतल्या अनोळखी लिम्फोसाइट, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशी, अंगात घर करून बसतात. अशा वेळी फॉर्मवर 'ब्लड ग्रुप' या शब्दापुढे जी एक छोटी रिकामी जागा असते, तिच्यात हे मावत नाही.

मायनर मिसमॅचची गंमत नाही, भीती वेगळी असते. त्याच पावसाळ्यात ए ग्रुपच्या एका बाईंना ओ भावाच्या पेशी दिल्या. सगळं छान, आणि नवव्या दिवशी सकाळी हिमोग्लोबिन साडेआठवरून पाचवर. लघवी चहासारखी. भावाच्या बॅगेतून आलेल्या लिम्फोसाइटांनी तिकडे पोचून अँटी-ए बनवायला सुरुवात केली होती. ओ च्या बॅगा दिल्या, चार-पाच दिवसांत वादळ ओसरलं. तिथे सगळं घाईचं होतं. धाकट्याच्या बाबतीत सगळं संथ, आणि संथ सोसायला जास्त कठीण जातं.

सप्टेंबरमध्ये डॉक्टरांनी रिटुक्सिमॅबचे चार डोस दिले. ते औषध बी-पेशींवर चालतं, ज्यांच्यापासून प्लाझ्मा पेशी बनतात, त्यामुळे नव्या प्लाझ्मा पेशींची भरती थांबते. जुन्या मात्र बसल्या जागी काम करत राहतात. म्हणून आकडा लगेच पडत नाही. थेट प्लाझ्मा पेशींवरचं डॅराटुमुमॅबही चर्चेत आलं होतं. ते महाग, शिवाय ते लाल पेशींनाही थोडं चिकटतं आणि क्रॉसमॅच करताना सगळ्याच बॅगा जुळत नाहीत असं दिसतं, म्हणून तसं काही देणार असाल तर आधी आम्हाला कळवा, असं मी वॉर्डाला सांगून ठेवलं. टायटर ६४, पुन्हा ६४, मग ३२. दर बॅगेबरोबर दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि शरीर रोज एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर टाकतं. फेरिटिन, म्हणजे साठलेल्या लोहाचा अंदाज देणारा आकडा, तीन हजाराच्या वर गेलं. लोह उतरवायच्या गोळ्या सुरू झाल्या. मधला भाऊ दर पंधरवड्याला गावाकडची पोरं जीप भरून आणायचा, रक्त द्यायला.

दिवाळीत बॅगेची तारीख दोन दिवसांनी पुढे ढकलली. धाकट्याला घरी लक्ष्मीपूजन करायचं होतं, आणि एकोणीस वर्षांच्या पोराला नाही कोण म्हणणार? त्या रात्री अंगणात तो चक्कर येऊन पडला. तिथल्या एका रुग्णालयात नेलं. हिमोग्लोबिन ४.२. तिथल्या डॉक्टरांनी घाईघाईत ग्रुप विचारला. तात्या म्हणाले, "ए पॉझिटिव्ह. आधी ओ होता, आता ए आहे. पुण्याच्या ब्लड बँकेतल्या मॅडमनी सांगितलंय." फॉर्मवर ए लिहिलं गेलं. मधल्यानं गावातली ए ग्रुपची चार पोरं उठवून आणली.

रात्री अकराला आमचा फोन वाजला. रांगोळी काढता काढता रात्रपाळीला आले होते, बोटांना रंग होता. पलीकडे एक तरुण टेक्निशियन. तिथल्या ब्लड बँकेत तो एकटाच होता. "मॅडम, फॉर्मवर ए आहे. माझ्याकडे सँपल ओ येतंय. दोनदा केलं. ए ची बॅग क्रॉसमॅच करून बघितली, नळीत दगड झालाय. मला वाटलं बॉम्बे असेल, म्हणून अँटी-एच लावलं, पण तो साधा ओ आहे. पेशंटचे वडील म्हणतात तुम्ही ए सांगितलाय."

माझे हातपाय गार पडले. दगड म्हणजे पेशींची अख्खी गुठळी. ती बॅग चढली असती तर काय झालं असतं हे मी लिहीत नाही. त्या मुलाचं मात्र लिहिते. दिवाळीच्या रात्री, डॉक्टर घाई करताहेत, नातेवाईक हातघाईवर आलेत, आणि हा पोरगा फॉर्मवर विश्वास न ठेवता नळीवर विश्वास ठेवतो. वर बॉम्बे ग्रुपची शंका काढतो. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत हा ग्रुप शोधला. वरवर ओ दिसतो, पण ओ ची बॅगही त्याला चालत नाही. पहिल्याच वर्षी आम्हाला शिकवतात की ओ दिसला म्हणून ओ धरू नका. पण मध्यरात्री एकट्यानं ते आठवणं वेगळं. मी त्याला म्हटलं, "दादा, तुझंच बरोबर आहे. लाल पेशी ओ च. ए ची बॅग बाजूला ठेव, लांब ठेव." मग ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना जोडून दिलं. तिथे इरॅडिएटर नव्हता. ऑक्सिजन लावून अँब्युलन्सनं पुण्याला आणायचं ठरलं. ओ च्या दोन बॅगा मी इरॅडिएट करून, क्रॉसमॅचला सँपल यायची वाट बघत बसले. साडेपाचला अँब्युलन्स लागली. पहिली बॅग अगदी संथ सोडली. सातला मी वर जाऊन त्याला पाहिलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच. नळीवरच्या अक्षरांना चेहरा मिळाला. ओठ पांढरे होते. म्हणाला, "मॅडम, तुमच्या हाताला रांगोळी आहे."

तात्या जिन्यात बसले होते. मला बघून उठले. "मॅडम, मी काय चुकीचं बोललो का?"

"नाही तात्या. मी अर्धवट बोलले." मी म्हटलं होतं होणार. त्यांनी ऐकलं झाला. पेढ्याचा डबा हातात असलेला बाप 'होणार' कसं ऐकेल? डिस्चार्जच्या कागदावर मेजर मिसमॅचची सगळी माहिती नीट होती, इंग्रजीत, चौथ्या पानावर. तात्यांना ती वाचता येत नव्हती आणि दिवाळीच्या रात्री ती फाइल पिशवीतच राहिली. तो दोष आमचा होता. मी त्यांना तोंडावर तसं सांगितलं. ते खाली बघत राहिले आणि मग म्हणाले, "चहा घेता का?"

त्याच दिवशी मी एक कार्ड लिहिलं. मराठीत, ठळक, दोन्ही बाजूंनी. 'या रुग्णाचे ट्रान्सप्लांट झाले आहे. लाल पेशी फक्त ओ. प्लेटलेट, प्लाझ्मा फक्त ए किंवा एबी. सर्व बॅगा इरॅडिएटेड. रुग्णाचा ग्रुप नातेवाइकांना विचारू नये, आम्हाला फोन करावा.' मॅडमनी सही केली. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून तीन प्रती काढल्या. एक धाकट्याच्या पाकिटात, एक तात्यांच्या, एक थोरलीच्या. आता आमच्याकडे वेगळ्या ग्रुपचं ट्रान्सप्लांट झालेल्या प्रत्येकाला ते मिळतं, आणि ते देताना मी घरच्यांकडून मोठ्यानं वाचून घेते. वेळ जातो, रांग कुरकुरते. जाऊ दे.

नोव्हेंबरात टायटर १६. डिसेंबरात ८, मग ४. गोळी आणि धूर यांच्यातली नळी दर पंधरवड्याला डावीकडे सरकत होती.

संक्रांतीच्या आठवड्यात त्याचं सँपल आलं. नेहमीप्रमाणे जेल कार्ड लावलं. हे प्लास्टिकचं छोटं कार्ड असतं, त्यात बारीक नळकांडी, प्रत्येकात पारदर्शक जेल, पहिल्यातल्या जेलमध्ये अँटी-ए. पेशी चिकटल्या तर वरच अडकतात, नाही चिकटल्या तर जेलमधून खाली घसरून तळाशी बसतात. सात महिने त्याच्या पहिल्या नळकांड्यात सगळ्या पेशी तळाशी बसलेल्या मी पाहत होते. त्या दिवशीही तळाशी लाल ठिपका होताच. पण वर, जेलच्या अगदी माथ्यावर, एक लाल रेघ होती. पेन्सिलनं ओढावी एवढी बारीक. मी कार्ड खिडकीच्या उजेडाला धरलं. मग ट्यूबलाइटखाली. मग दुसरं कार्ड लावलं. रेघ पुन्हा आली.

आम्ही त्याला आजवर फक्त ओ दिल्या होत्या. ए पेशी बाहेरून येणं शक्यच नव्हतं. ती रेघ थोरलीची होती.

मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून, पुसून, परत लावून बघितलं. वॉर्डातून रेटिक्युलोसाइटचा आकडा मागवला, १.८ टक्के. थोरली बाहेर बाकावर बसली होती. मी तिला आत बोलावलं आणि कार्ड तिच्या हातात दिलं. "ही रेघ बघ. ही तू आहेस." ती बराच वेळ बघत राहिली. मग पदरानं कार्ड पुसायला गेली, मी म्हटलं, "असू दे." तिच्या पिशवीत तिळाच्या वड्या होत्या. त्या तिनं आमच्या टेबलावर सगळ्या उपड्या केल्या.

त्यानंतर रेघ जाड होत गेली आणि ठिपका बारीक. जानेवारीअखेर शेवटची बॅग लागली. पुढे उलटंच काम सुरू झालं. हिमोग्लोबिन बाराच्या वर टिकल्यावर साठलेलं लोह कमी करायला महिन्याला त्याचंच थोडं रक्त काढायचं ठरलं. ज्या खिडकीतून त्याच्यासाठी बॅगा जायच्या, तिच्या मागच्या खोलीत तो आता रबरी चेंडू दाबत पडून असायचा. ते रक्त कुणाला देता येत नाही, टाकूनच द्यावं लागतं. भरलेली बॅग बघून तो एकदा म्हणाला, "एवढं सगळं माझं?" बाकीच्या शरीरावर, लाळेत, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर तो अजून ओ च आहे आणि राहील. फक्त रक्त बहिणीचं.

पण रजिस्टरमध्ये मी ए लिहिला नव्हता. शेवटची बॅग लागून १२० दिवस, म्हणजे चढवलेल्या लाल पेशींचं आयुष्य संपेपर्यंत थांबायचं. अँटी-ए पूर्ण नाहीसं झालेलं हवं. वेगवेगळ्या दिवशी घेतलेली दोन सँपल एकसारखी यायला हवीत. पहिलं जूनच्या सुरुवातीला आलं. दुसरं पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या तेव्हा.

तात्या त्या वर्षी वारीत होते. दुपारी दिंडीतून निसटून ब्लड बँकेत आले. कपाळाला बुक्का, पाय धुळीनं भरलेले, म्हणून खिडकीच्या आत यायला तयार होईनात. मी कार्ड त्यांना दाखवलं. पहिल्या नळकांड्यात सगळं लाल वरच होतं. तळ स्वच्छ.

"होणार?" त्यांनी विचारलं. एकेक अक्षर जपून.

"झाला, तात्या."

त्यांनी पाकिटातून लॅमिनेट केलेलं कार्ड काढलं. कडा सुटल्या होत्या. "मग हे परत घ्या." ते मी घेतलं, जुनं म्हणून वर आडवी रेघ मारली, तारीख घातली, आणि नवं लिहायला बसले. बाहेर ते उभेच होते, उन्हात. दिंडी पुढे गेली असेल, मी म्हटलं. "गाठतो," ते म्हणाले, "तुम्ही सावकाश लिव्हा."